निरंक गाव

"अगं, जावयाकडची चार माणसं येत्यात. चहा टाक," ओसरीवरून यशवंतरावांचा आवाज आला.

अंबुबाईंनी पातेलं घेतलं आणि तशाच उभ्या राहिल्या. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात त्यांची लेक तनुजा भिंतीला टेकून बसली होती. गावातच दिलेली लेक. नवऱ्याने, कुलदीपने, सकाळी तिचा हात पिरगळला होता. मनगट टम्म सुजलं होतं.

यशवंतराव गावातले तंटे मिटवणाऱ्या समितीचे अध्यक्ष. कुरुळीपलीकडचं हे गाव कंपन्यांनी वेढलं, दारावरून कंटेनर धावू लागले, तरी पोलिसांकडे गावचे गुन्हे निरंक. यशवंतरावांना त्याचा कोण अभिमान! भांडण आलं की दोन्हीकडची माणसं ओसरीवर बसायची, चहा व्हायचा, मिटायचं.

आणि जिचं मिटायचं, ती आत अंबुबाईंपाशी बसलेली असायची. दुपारच्या पेंगुळल्या उजेडात अंबुबाईंना आजवरच्या त्या सगळ्या जणी डोळ्यांपुढे दिसू लागल्या. पाठ दाखवणारी, पदराने ओठ झाकणारी, काहीच न बोलता नुसती हळद लावून घेणारी. लांबून कंपनीतल्या पत्रा ठोकणाऱ्या प्रेसचा धप धप आवाज येत होता, आणि एकेक जण येऊन तनुजाशेजारी दाटीवाटीने टेकत होती, लगीनघरात बसतात तशी. घोटभर चहा घे, बरं वाटेल, एवढंच अंबुबाई सगळ्यांना म्हणत आल्या होत्या.

"आये," तनुजा म्हणाली, "आबा आज मिटवत्याल. मग उंद्या?"

अंबुबाईंनी पातेलं पालथं घातलं.

"ऊठ. पायात घाल."

दोघी मागच्या दाराने निघाल्या, त्या थेट पोलीस चौकीत. तिथल्या हवालदार विजयश्री त्यांना ओळखत होत्या.

"आजी, तुम्ही इथं? तुमच्या गावात तर काही घडतच नाही."

"घडतंय की बाई. आमच्या वसरीवर मिटतंय."

विजयश्री जरा घुटमळल्या. "तक्रार घेतली तर गावाचं निरंक जाईल. आबांना चालेल?"

ओसरीवर चहा येतोय म्हणत पाहुण्यांना हसून थोपवणारे यशवंतराव अंबुबाईंच्या डोळ्यांपुढे आले.

"न्हाई चालायचं त्यांस्नी," त्या म्हणाल्या. "पर तू घे."

तनुजा सांगू लागली. आवाज आधी कापला, मग लागला.

"याआधी कधी हात उचलला होता?" विजयश्रींनी विचारलं.

"दिवाळीत. तवा मिटलं."

"मिटवलं कुणी?"

तनुजाने आईकडे पाहिलं. अंबुबाईंनी उभ्या जन्मात नवऱ्याचं नाव घेतलं ते उखाण्यातच. त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला.

"यशवंतराव," त्या म्हणाल्या. "माझं मालक. लिव्ह."