ज्या उतारावर मी थांबले नाही

मी एक हातगाडी बोलतेय. मार्केट यार्डातल्या इतर गाड्यांसारखीच दिसते, फक्त माझ्या चाकांना ब्रेक आहे. उतारावर भरलेली गाडी मागून रेटते आणि पुढे ओढणारा हमाल तिच्याखाली सापडतो. तसं होऊ नये म्हणून मला घडवलं.

घडवलं प्रियदर्शनीनं. ती वाशिमची, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. सदाशिव पेठेतल्या एका धर्मादाय संस्थेनं तिला शिष्यवृत्ती दिली आणि माझा खर्चही उचलला. वर्कशॉपमध्ये वेल्डिंग करताना ती पुटपुटायची, "थांबायचं हं, बाई." कुणी असं बोललं की लोखंडालाही बरं वाटतं.

चाचणीला संस्थेच्या नीरजाताई यार्डात येणार होत्या. त्यांना पसंत पडलं, तर आणखी गाड्यांसाठी मदत मिळणार होती. त्या येण्याआधी प्रियदर्शनीनं बटाट्याची पोती लादून मला उतारावर धरून पाहिलं. माझा ब्रेक किंचित घसरला. ते फक्त तिला कळलं, आणि तिच्या मित्राला, तेजसला.

"थोडी पोती काढून टाक," तो कुजबुजला. "डेमो होऊ दे. नंतर फिक्स करू."

तेवढ्यात नीरजाताई आल्या. यार्डातले जुने हमाल गेनबाकाका पोरीच्या शब्दावर माझा दांडा धरून पुढे उभे राहिले. त्यांच्या तळव्यांचा घाम मला लागत होता. ओरडावंसं वाटलं, पण मला कंठ कुठला?

"काका, बाजूला व्हा!" प्रियदर्शनी एकदम म्हणाली. "ब्रेकचा भरवसा नाही."

"अगं, मग आम्ही काय बटाटे बघायला आलोय?" नीरजाताई म्हणाल्या.

"आपण बघाच. पण पुढे माणूस नको."

तिनं उतार मोकळा करवला, मला सोडलं आणि मागून ब्रेक ओढला. क्षणभर मी जीव खाऊन धरलं. मग पट्टी तुटली. मी पोत्यांसकट खालच्या भिंतीवर आदळले. दांडा दुमडला. गेनबाकाका त्या दांड्याकडे नुसते बघत राहिले.

"आणखी गाड्यांचं आत्ता विसर," नीरजाताई अखेर म्हणाल्या. "शिष्यवृत्ती चालू राहील. नव्या ब्रेकचा खर्च माग, समितीशी मी भांडते."

तेव्हा कुठे प्रियदर्शनीला रडू फुटलं.

आता मी वर्कशॉपच्या कोपऱ्यात वाकडी पडून आहे. माझी चाकं नव्या गाडीला लावलीत. तिचा ब्रेक धरतो. काल गेनबाकाका तिच्यापुढे तो उतार उतरले, आधी जरा कचरतच.

पण या शहरात बिनब्रेकच्या गाड्या पुष्कळ आहेत. उतारावर एखादी दिसली, तर मागून हॉर्न वाजवू नका. खाली उतरा आणि धरा.