चहाच चमकत होता

मी एक जुना उजेडमापक आहे. मित्रांनो, प्लोव्दिव शहरातल्या एका प्रयोगशाळेत, खिडकीजवळच्या टेबलावर माझे आयुष्य गेले. मला घडवणारे हात आठवत नाहीत. आठवतात ते मला चालवणाऱ्या रुम्यानाताईंचे. सकाळी मला सुरू करून त्या विचारत, "काय म्हातारबा, झोप झाली ना?"

माझे काम नाजूक होते. संप्रेरकाला, म्हणजे हार्मोनला, पेशीत बसायला ठरलेली जागा असते. तिला ग्राही म्हणतात. ताई इवल्याशा खळग्यांत ग्राही घालत आणि त्यावर एक चमकणारा रेणू बसवत. बसलेला रेणू संथ फिरतो, सुटलेला गरगरतो. त्याच्या उजेडावरून मी ते ओळखत असे. एखाद्या पदार्थाने त्याला उठवून जागा बळकावली, की माझा आकडा खाली येई.

एकदा डोंगरातल्या स्तांकाबाईंचा औषधी चहा तपासायला आला. त्या तो बाळंतिणींना विकत. माझा आकडा धाडकन कोसळला.

"हा चहा स्त्रीसंप्रेरकाची जागा घेतोय, बाळंतिणींना हे धोक्याचं," प्रयोगशाळेचे प्रमुख डॉक्टर कालिन म्हणाले आणि विक्री बंद करण्याचे पत्र लिहायला बसले.

हे कळताच स्तांकाबाई धावत आल्या. "अहो, माझ्या दोन्ही लेकी ह्याच चहावर उठून उभ्या राहिल्या! आजवर कुणाला काही झालं नाही!"

ताईंनी चमकणारा रेणू न घालता नुसता चहा माझ्यापुढे ठेवला. तो स्वतःच हिरवा चमकत होता! त्याच्या सुट्या, गरगरणाऱ्या रेणूंनी मला फसवले होते.

"तरी म्हणत होतो, हे खटारं भंगारात काढा!" डॉक्टर चिडले.

"त्याला कशाला बोल लावता?" ताई म्हणाल्या. " त्यानं दिसलं ते सांगितलं. विचारलं आपण चुकीचं."

मग ताईंनी आधीच्या हिरव्याऐवजी लाल चमकणारा रेणू घेतला आणि माझी रंगीत काच बदलली. आता चहाचा हिरवा उजेड मला दिसेना. आकडा जागचा हलला नाही; चहा कुणाचीच जागा घेत नव्हता. तीनदा मोजले, तीनदा तेच.

डॉक्टरांनी पत्र फाडले. "बाई, चुकलंच माझं."

स्तांकाबाईंनी डोळे पुसत बानित्साचा, म्हणजे चीज भरलेल्या पेस्ट्रीचा, तुकडा त्यांच्या हातावर ठेवला. "आधी खा. मग मागा माफी."

आता ताई निवृत्त झाल्या आहेत. नवे यंत्र आले, मी कोपऱ्यात गेलो. कुणी क्वचित मला सुरू करते, पण भिंगांवरची धूळ पुसत नाही. मित्रांनो, तेवढी पुसत जा. आणि मला पुन्हा एकदा, वेगळ्या तऱ्हेने विचारत जा. कारण गप्प बसणे मला येत नाही. धुळीतूनही मी काही ना काही आकडा सांगेनच, आणि त्यावर कुणाची तरी चूल अवलंबून असेल.