मास्तरांच्या महाधमनीतून

मी डाय बोलतोय. डाय म्हणजे रंग, पण मी दिसायला पाण्यासारखा. नाव ठेवणाऱ्यांनी माझी थट्टाच केली आहे. स्कॅनच्या वेळी मला शिरेतून सोडतात आणि मी जिथे पोचतो ती रक्तवाहिनी फोटोत पांढरी दिसते. कारखान्यात जन्मलो, दवाखान्याच्या कपाटात पडून राहिलो आणि एका सकाळी ड्रायव्हिंग स्कूलच्या मास्तरांच्या हातात सुईवाटे शिरलो.

मास्तरांच्या छातीत अचानक कळ आली होती, धाप लागली होती, तरी तोंड सुरूच. टेबल आत सरकवणाऱ्या टेक्निशियनलाही सांगत होते, "सावकाश घ्या, घाई नको."

"अहो, त्यांचं काम त्यांना करू द्या की," दारातून बायको म्हणाली.

डॉक्टरांना संशय फुप्फुसात गुठळी अडकल्याचा. म्हणून मी फुप्फुसांत पोचलो न पोचलो तोच फोटो काढून मंडळी मोकळी! गुठळी नव्हतीच. मी आपला हृदयातून पुढे महाधमनीत, म्हणजे शरीरातल्या सगळ्यांत मोठ्या रक्तवाहिनीत गेलो आणि हबकलो. तिचं आतलं अस्तर फाटलं होतं, रक्त भलतीकडेच घुसत होतं. भिंत फुटली असती तर मास्तर जागच्या जागी गेले असते. आणि हे सांगू कुणाला?

"गुठळी नाही. घरी सोडू या?" डॉक्टरांनी विचारलं.

फोटो तपासणाऱ्या बाई मात्र खुर्चीतून हलेनात. महाधमनी काळपटच आली होती, पण वयोमानाने तिच्या अस्तरात साचलेला, कडेला दिसायला हवा तो चुन्याचा ठिपका आत सरकलेला त्यांना दिसला, म्हणजे अस्तरच सुटलं असण्याची शंका.

"हृदयाच्या ठोक्यांमुळे चित्र हललंही असेल," त्या म्हणाल्या. "पण पुन्हा डाय सोडा. या वेळी तो महाधमनीत पोचेपर्यंत थांबा."

"एवढा डाय मूत्रपिंडांना झेपेल?"

"माणूसच गेला तर मूत्रपिंडं सांभाळून काय करायचंय?"

बाटलीत उरलेला मी आत शिरलो. थांबले बाबा एकदाचे! फाट लख्ख दिसली. मास्तरांना तसंच ऑपरेशनला पळवलं आणि कुणीही सावकाश घेतलं नाही.

ऑपरेशन निभावलं. पण फाटीमुळे मूत्रपिंडांचा रक्तपुरवठा तुटला असेल, ही धास्ती होतीच. पलंगाला अडकवलेल्या लघवीच्या रिकाम्या पिशवीकडे बायको टक लावून बसली होती. मलाही मनापासून भीती वाटत होती. मग मूत्रपिंडांनी मला गाळलं आणि मी नळीतून थेंब थेंब पिशवीत उतरलो.

"आली लघवी," नर्स म्हणाली, आणि बायको हमसून हमसून रडली.

डॉक्टर, एक विनंती. मला पोचायला वेळ लागतो, तेवढा देत चला.

आता नर्स पिशवी रिकामी करायला वाकली आहे, तर बायको म्हणते, "थांबा, अजून एकदा बघू द्या."

बघा वहिनी, मनसोक्त बघा. मग मला जाऊ द्या, मागून आणखी येतेय.