सप्टेंबरबाईंचा बुचडा

माणसाचा वंश कोणता आणि या जगात त्याची जागा कुठली, या प्रश्नानं हजारो वर्षं थोरामोठ्यांना झुलवलं. तत्त्वज्ञ थकले, धर्मगुरू थकले, शास्त्रज्ञांनी कवट्या मोजून मोजून डोळे घालवले. अखेर एकोणीसशे सत्तावन्न साली आमच्या केप टाउनमध्ये हा प्रश्न कायमचा सुटला. पेन्सिलीनं. साधी पेन्सिल, मागे खोडरबर असलेली. ती केसांत खोचायची. पडली तर माणूस गोरा, अडकली तर नाही. आधी अडकून मग पडली, तर प्रकरण चहानंतर घ्यायचं.

माझी थोरली बहीण लव्हीनिया. लग्नानंतरचं आडनाव सप्टेंबर. आमच्यात एप्रिल आहेत, फेब्रुवारी आहेत. पणजोबाला गुलाम म्हणून ज्या महिन्यात जहाजातून उतरवलं, तो महिना मालकानं त्याच्या नावाला चिकटवून दिला. घराण्याचा इतिहास फारसा ठाऊक नसला, तरी महिना पक्का ठाऊक असतो.

ताईचा नवरा गॉडफ्रे सुतार. तो सावळा, ताई उजळ आणि मी मधला, दुधाचा चहा. शिरगणतीचा माणूस एका रविवारी आला, तेव्हा ताई चर्चमधून नुकतीच परतलेली, डोक्यावर हॅट, हातांत हातमोजे. गॉडफ्रे शिडीवर चढून खिडकी दुरुस्त करत होता. त्या माणसानं ताईला अदबीनं चार प्रश्न विचारले, शिडीकडे बघून "कारागीर बरा दिसतोय, पत्ता द्या," म्हणाला आणि निघून गेला. पुढे ओळखपत्रं आली. गॉडफ्रे कलर्ड, म्हणजे सरकारच्या लेखी मिश्र वंशाचा. दोन्ही मुली कलर्ड. लव्हीनिया सप्टेंबर, गोरी.

गल्लीतल्या बायका अभिनंदनाला आल्या. दोघींनी हळूच विचारलं, "कोणाला भेटलीस गं?"

पाठोपाठ दुसरा कागद आला. गोऱ्या बाईनं कलर्ड पुरुषाच्या घरात राहणं गुन्हा आहे. तीस दिवसांत घर सोडावं, हरकत असल्यास वर्गीकरण मंडळापुढे हजर व्हावं.

"घर सोडावं म्हणे!" ताई कढईत मासा उलटत म्हणाली. चुलीपाशी असली की ती गॉडफ्रेच्या कानावरची पेन्सिल ओढून घ्यायची आणि केसांचा बुचडा करून त्यात खुपसायची. बारा वर्षं तिच्या बुचड्याला दुसरा आकडा माहीत नव्हता. "सोळा वर्षांची असल्यापासून या माणसाचे शर्ट धुतेय मी. आता हे मला सांगणार, कुणाच्या घरी राहायचं ते?"

"मी शिडीवरून उतरायला हवं होतं," गॉडफ्रे म्हणाला.

"तू गप्प बस. खिडकी तरी झाली का?"

हरकतीचा अर्ज द्यायला मी तिच्याबरोबर गेलो. खिडकीतल्या कारकुनानं अर्ज दोनदा वाचला. "बाई, उलटं भरलंय तुम्ही. लोक कलर्डचे गोरे व्हायला येतात."

"लोकांचं मला माहीत नाही," ताई म्हणाली. "मला माझा नवरा हवाय."

काम तसं सोपं होतं. ताईचे केस मुळात असे कुरळे, की पेन्सिल काय, लाटणंसुद्धा अडकावं. फक्त त्यांना हात लावायचा नव्हता. केसांच्या बाबतीत गल्लीतला शेवटचा शब्द म्हणजे शेजारच्या हेस्टर मावशी. त्यांनी हुकूम सोडला: आठ दिवस तेल नाही, गरम कंगवा नाही, काही नाही. केस मोकळे सोडा, देवानं दिलेत तसे. आठ दिवसांत ताईच्या डोक्याचं असं झुडूप झालं, की धाकटी मुलगी आनंदानं त्यात बटणं लपवू लागली.

आणि सुनावणीच्या आदल्या संध्याकाळी घात झाला.

आमच्या गल्लीत उद्या लग्न असो, बारसं असो, मयत असो की फोटो असो, आज संध्याकाळी बाई केस ओले करून डोक्याभोवती चापून गुंडाळते आणि वरून जुन्या पायमोज्याची टोपी ओढते. सकाळी केस इस्त्री केल्यासारखे निघतात. त्या संध्याकाळी सगळे चिंतेत. गॉडफ्रे कोटाला ब्रश मारतोय, मी कागद लावतोय, ताई पायरीवर बसून मंडळाला काय काय ऐकवायचं ते घोकतेय आणि मागे हेस्टर मावशी "धीर धर गं पोरी" म्हणत तिच्या डोक्यावरून हात फिरवतायत. असं आम्हाला वाटलं.

सकाळी ताईचा हात डोक्याला गेला, तर तिथं मोजा. तिनं तो काढला. केस रुळासारखे सरळ.

"मावशी!"

मावशी दारात उभ्या, तोंडावर पदराऐवजी एप्रन. "पन्नास वर्षं करतेय गं! उद्या सरकारात जायचं म्हणून माझे हातच चालले, मी नाही चालवले."

डोकं बादलीत बुडवायलाही वेळ नव्हता. नऊची सुनावणी.

कचेरीत दोन बाकं, एक गोऱ्यांचं, एक इतरांचं. ताई गॉडफ्रेला चिकटून इतरांच्या बाकावर बसली. शिपाई धावत आला. "मॅडम, तुमचं बाक ते."

"माझा नवरा या बाकावर आहे."

"मॅडम, नियम आहे."

"मग उचलून ठेव मला."

शिपायानं ताईकडे पाहिलं, वजनाचा अंदाज घेतला आणि नियम सोडून दिला.

आत अध्यक्ष मिस्टर स्नायमान, दोन्ही बाजूंना एकेक सदस्य. मी साक्षीदार म्हणून उभा राहिलो. स्नायमान माझ्याकडे पाहून म्हणाले, "हा सख्खा भाऊ?"

"माझ्या आईबद्दल विचारताय की माझ्याबद्दल?" ताईनं विचारलं. सदस्य कागदांत शिरले.

मग ती पेन्सिल आली. स्नायमान उठले, त्यांनी ती ताईच्या केसांत सरकवली. टक. जमिनीवर. पुन्हा सरकवली. टक. तिसऱ्यांदा तर ती केसांत शिरण्याआधीच निघाली. गॉडफ्रेनं डोळे मिटले.

"अभिनंदन, मिसेस सप्टेंबर," स्नायमान म्हणाले. "आपण निःसंशय गोऱ्या आहात. घर सोडायला अजून अकरा दिवस आहेत."

ताई वाकली. तिनं पेन्सिल उचलली, दोन्ही हातांनी केस गोळा केले, एक पीळ, दुसरा पीळ, आणि बुचड्यात पेन्सिल खचकन खुपसली. मग तिनं घोडी मान झटकते तशी मान झटकली. पेन्सिल जागची हलली नाही.

"तीच पेन्सिल, तेच डोकं," ताई म्हणाली. "तुमच्या हातून पडते, माझ्या हातून राहते. आता नीट ऐका साहेब. मी कोण, हे विचारायला मी आलेच नाही. मी कुठे राहते ते सांगायला आलेय. आज मी घरी जाणार, मासा तळणार आणि या माणसाच्या शेजारी झोपणार. मला न्यायला पोलीस पाठवा, अख्खी गल्ली दारात उभी करते. आणि गोरीच लिहायचं असेल, तर लिहा! रविवारी तुमच्या चर्चमध्ये येते. पहिल्या बाकावर. हा नवरा, या दोन मुली, हा भाऊ. तुमच्या बाईसाहेबांना म्हणावं, थोडं सरकून बसा. गोरी शेजारीण आलीय सहकुटुंब!"

डावे सदस्य छताकडे पाहू लागले. स्नायमानांच्या चेहऱ्यावर ते पहिलं बाक, तो रविवार आणि मिसेस स्नायमान एकामागून एक उमटून गेल्या. गॉडफ्रे उठून ताईच्या बाजूला येऊन उभा राहिला आणि त्यानं तिचा हात धरला, सरकारी खोलीत, सगळ्यांदेखत.

स्नायमान हळूच खाली बसले. त्यांनी फॉर्म पुढे ओढला, 'गोरी'वर रबर घासायला हात उचलला, टेबल चाचपलं, खण उघडून पाहिला. शेवटी घसा खाकरला.

"कलर्ड लिहितो, बाई. नवऱ्याबरोबर घरी जा. फक्त... ती पेन्सिल जरा देता का? कचेरीत एकच आहे."