लाटसाहेबांचे काटे

बांगडा किनाऱ्याला लागला होता हो! पाट्याच्या पाट्या! आणि आमची होडी आठ दिवस वाळूत पडलेली.

त्रेसष्ट सालची दिवाळी नुकतीच सरली होती. तोंडवलीच्या बायका भरल्या पाट्या डोक्यावर घेऊन बाजाराला पळत होत्या आणि मी, विमला, घरात बसून सुकटीचं सार ढवळत होते. कारण काय, तर आमच्या घरचा कोंबडा आरवत नव्हता. हसा खुशाल. दुसऱ्याच्या घरची गोष्ट असती तर मीही हसले असते.

चार वर्षांपूर्वी माझा नवरा लवू वादळात तीन दिवस बेपत्ता होता. तेव्हा सासूने, गोदूबाईने, गावच्या राखणदार देवाला गाऱ्हाणं घातलं, "माझ्या झिलाक परत हाड. हो कोंबडो तुझो. तेका लोखंड लावूचंय नाय." तिसऱ्या पहाटे कोंबडा आरवला आणि लवूची होडी दिसली. त्या दिवसापासून सासूचा नेमच झाला. हा कोंबडा अंगणाच्या दगडी गडग्यावर चढून आरवल्याशिवाय लवूने होडी लोटायची नाही. गावचे बाकीचे कोंबडे घसा फोडून ओरडले तरी ते तिच्या खिजगणतीत नाहीत.

आणि लोखंड, म्हणजे सुरी-कोयता, लावायचं नाही म्हणून या लाटसाहेबांच्या पायांकडे चार वर्षांत कुणी पाहिलं नव्हतं. लाटसाहेब हे नाव मी ठेवलेलं, रागाने. अंगण मऊ वाळूचं, नखं झिजणार कशाने? ती वाढून वळली, बोटं वाकडी झाली. पायांमागचे काटे बोटभर लांब, आणि डाव्याचं टोक उजव्या पायात रुतू लागलेलं. गडग्यावर चढणं सोडाच, साहेब दाणासुद्धा बसून टिपायचे, मग आरवणार कुठून?

"कोयतो हाडतंय," मी म्हटलं. "एका घावात काटे साफ."

सासू दारात आडवी. "लोखंड लावतलंस तर आधी माका लाव!"

लवू जाळ्यात डोकं खुपसून बसला. समुद्राला न भिणारा माणूस, आईपुढे मांजर!

मी तणतणत शेजारच्या आपोलिनाबायकडे गेले. तिचा भाऊ गोव्यात झुंजीचे कोंबडे पाळायचा. माझं रडगाणं ऐकून ती पोट धरून हसली.

"लोखंड कित्याक होया गो? रताळा उकड. गरम गरम काट्यार खोवून ठेव. वरचा कवच मऊ झाला की हळूच पिळ, आपसूक येता."

"आणि नखा?"

"ती मात्र कापूकच होयी."

पण नखांचं उत्तर माझ्याकडेच होतं! मोरी माशावर उलटा हात फिरवला की तळवा सोलवटतो, हे मासेवालीला कुणी शिकवायला लागत नाही. आमच्या दारामागे मोरीचं वाळकं कातडं टांगलेलं होतं. लवू त्याने वल्ह्याची मूठ घासायचा. मी धावतच घरी आले.

"आये, रताळा लोखंड काय? मोरी लोखंड काय?"

सासूने दारामागचं कातडं चाचपून पाहिलं. मग तिने पदर खोचला. "हय हाड तेका. मी धरतंय."

तिने साहेबांना काखेत घेतलं, डोळ्यांवर फडकं टाकलं. पाय भाजू नये म्हणून मी त्याला ओली चिंधी गुंडाळली आणि वाफाळतं रताळं काट्यावर खोचलं. माझीच बोटं पोळली. थोड्या वेळाने रताळं काढून काटा हलकेच पिळला. हलला! आणखी पिळला आणि अख्खं कवच माझ्या हातात, आतून पोकळ. खाली कोवळा गुलाबी काटा आणि रक्ताचा एवढासा थेंब. मी हळद दाबली. दुसरा काटाही तसाच निघाला.

मग कोमट पाण्यात पाय भिजवून नखं घासायला बसले. आतली तांबडी शीर जवळ आली की थांबायचं, पुढचं नख घ्यायचं. उन्हं डोक्यावर आली तेव्हा आठही नखं झाली होती. सासूने हात सोडले.

साहेब उभे राहिले. एक पाय उचलून पाहिला. एक पाऊल. दुसरं. गडग्याशी जाऊन उडी मारली आणि धपकन खाली! पुन्हा उडी. वर! मान ताणली, आणि भर दुपारी असा आरवला म्हणता!

मी टाळ्या पिटत नाचले. लवूने वल्ही उचललीसुद्धा.

"थांब!" सासू ओरडली.

आता काय राहिलं, म्हणून मी कपाळाला हात लावला. ती काट्याचं पोकळ कवच घेऊन आली आणि जाळ्याच्या दोऱ्याने लवूच्या कमरेच्या करगोट्याला बांधू लागली.

"हो तुझ्यावांगडा ऱ्हवांदे. उद्यापासून कोंबडो आरवांदे, नायतर नको आरवांदे. तू जा."

गाठ काही बसेना. सासू ती मारायची, ओढून बघायची, सुटेल म्हणून पुन्हा बांधायची. चार वर्षं मी जिला हट्टी म्हणत होते ती म्हातारी नुसती घाबरलेली होती, आणि ते मला त्या दुपारी कळलं. मला माझीच लाज वाटली. मी गाठीवर बोट धरलं, तिने दोरा ओढला.

वादळानंतर सासू एकदाही होडी लोटताना किनाऱ्यावर आली नव्हती. त्या दुपारी ती आमच्यामागून आली आणि होडीला खांदा लावला.