चौथं गोणपाट

गिरिजाकाकूंना सगळ्याचीच भीती वाटायची, आणि अमेरिकेतल्या श्रूजबरीत चाळीस वर्षं काढूनही ती काही कमी झाली नव्हती. हायवेवर गाडी मर्ज करायची भीती, बेसमेंटच्या जिन्याची भीती. त्यात या डिसेंबरात मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज आला, की आपल्या लोकांच्या घरात सोनं असतं हे चोरांना कळलंय, मागच्या खिडक्या सांभाळा. झालं. काकू तेव्हापासून दिवसातून चारदा मागच्या खिडक्या बघून यायच्या.

पुरुषोत्तमकाकांनी मात्र बंदोबस्त कधीच केला होता. मागच्या खिडकीखाली तीन युक्का लावल्या होत्या. हातभर लांब ताठ पानं, टोकाला दाभणासारखा काटा. देशातून आलेला पाहुणा त्यांना हमखास घायपात म्हणायचा आणि काका हमखास चिडायचे. मग त्या पाहुण्याला अर्धा तास लेक्चर. युक्का थंडीनं मरत नाही हो, ती मरते ओलीनं. पानांच्या मध्ये बर्फ साचतो, वितळतो, परत गोठतो आणि गाभा कुजतो. म्हणून थँक्सगिव्हिंग आटोपलं की काका पानं वर गोळा करून सुतळीनं आवळायचे आणि त्यावर गोणपाट चढवायचे. तीन बुटकी माणसं घोंगडी पांघरून बसल्यासारखी दिसायची. काकू त्यांना 'तुमचे वॉचमन' म्हणायच्या.

त्या दिवशी दुपारपासून बर्फ पडत होता. साडेतीनला काकूंनी किचनमधूनच हाक मारली, "अहो, चहा टाकलाय. येताय ना?"

"येतो गं," काका म्हणाले.

तेवढ्यात पिस्कॅटवेहून सावनीचा, लेकीचा फोन आला. आई, कॅमेरा इन्स्टॉल केलास का, बाबांना सांग ना, डोन्ट बी सो स्टबर्न. बोलता बोलता पाऊण तास गेला. काकांच्या चहावर साय धरली. वरच्या खोलीत कॉम्प्युटरपुढे बसले की या माणसाला भान नसतं, असं पुटपुटत काकू मागच्या खोलीत पडदे ओढायला गेल्या. सव्वाचारलाच बाहेर अंधारून आलं होतं.

खिडकीखाली चार गोणपाटं होती.

काकूंनी परत मोजलं. एक, दोन, तीन, चार. चौथं भिंतीला अगदी चिकटून होतं आणि त्याच्यावर बर्फ साचला होता. मग ते हललं.

काकूंनी पडदा ओढून घेतला. मागच्या दाराशी गेल्या तर लॅच उघडाच. त्यांनी तो फिरवला, वरची कडी सरकवली, दाराला खुर्ची लावली. तेवढ्यात खालून भिंतीवर आवाज आला. ठक. थोडं थांबून परत ठक. मेला आत कोणी आहे का ते बघतोय, काकूंनी मनाशी म्हटलं आणि दिवा मालवला. फोन किचनमध्ये राहिलाय हेही त्यांना आठवलं नाही.

"अहो," जिन्याच्या तळाशी उभं राहून त्या कुजबुजल्या. कानात ऐकायचं मशीन घालतील तर शपथ. कठडा धरत त्या वर गेल्या.

खोलीत कोणी नव्हतं. टेबलावर कानातल्या मशीनची डबी होती आणि दोन्ही मशिनं डबीतच होती. खुर्चीवरचं तपकिरी जॅकेट नव्हतं.

आता काकूंना उमगलं. चहाची हाक काकांना ऐकूच गेली नव्हती. ते चहाला येत नव्हते, बाहेर चालले होते. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात काकूंनीच त्यांना दटावलं होतं, घरातून निघताना 'जातो' म्हणायचं नाही, 'येतो' म्हणायचं. तेव्हापासून शहाण्या माणसानं एकदाही चूक केली नव्हती.

त्या खाली दाराशी आल्या तर कडी निघेना. शेवटी निघाली. खुर्ची ढकलून काकू घरातल्या चपलांनीच बर्फात धावल्या.

तिसऱ्या युक्काचं गोणपाट वाऱ्यानं एका बाजूनं सुटलं होतं, अर्धीच पानं बांधलेली होती. काका शेजारी भिंतीला टेकून बसले होते. उजवा पाय भलत्याच बाजूला वळलेला, ओठ काळेनिळे, मनगटाला सुतळी तशीच गुंडाळलेली.

"कडी लावलीस," ते म्हणाले. त्यात राग नव्हता. काकूंना तेच सोसवेना.

"मला वाटलं चोर आहे," त्या म्हणाल्या आणि रडायला लागल्या. मग फोन, मग ब्लँकेटं, मग लाल दिवे. ॲम्ब्युलन्समधली मुलगी काहीतरी भराभर विचारत होती आणि काकूंना काकांची साधी जन्मतारीख इंग्रजीत सांगता येईना.

स्ट्रेचर उचलताना काकांचे डोळे मिटत चालले होते. एवढ्या वर्षांची सवय, ती थोडीच सुटणार.

"येतो गं," ते म्हणाले.

काकूंनी त्यांच्या तोंडावर हात ठेवला. "येतो म्हणू नका. काही म्हणू नका," त्या म्हणाल्या आणि बर्फानं भरलेल्या चपलांनिशी गाडीत चढून त्यांच्या शेजारी बसल्या.