इस्त्रीजवळचं स्टूल

लेकीने दोरा दातांनी तोडला आणि आमची ही हातातलं फडकं टाकून धावत आली.

"अहो, बघितलंत का? दातांनी तोडला!"

मी बघितलं होतं. गेली दोन वर्षं लेकीला दोरा तोडायला कात्री लागत होती. फिट येऊ नये म्हणून ती जी गोळी घ्यायची, तिच्यामुळे हिरड्या वाढत वाढत दातांवर चढल्या होत्या. पुढचे दात निम्मे गडप. घास चावताना रक्त यायचं. ती कपडे शिवायला जाते त्या दुकानात माप द्यायला उभ्या राहिलेल्या बायका तिच्या तोंडाकडे बघायचं टाळायच्या. दातांच्या डॉक्टरांनी एकदा हिरड्या कापून दिल्या, पण त्या पुन्हा आल्याच.

"मिठाच्या गुळण्या!" ही म्हणाली. "मी सांगत होते ना? डॉक्टरांना काय कळतंय!"

"आई, तू आता दवाखानाच टाक," लेक म्हणाली आणि खळखळून हसली. तोंडावर हात न घेता.

मला किती बरं वाटायला हवं होतं. पण माझ्या डोक्यात ती गोळी आली. फिटच्या डॉक्टरांनी माझ्यासमोर सांगितलं होतं, गोळी चालू आहे तोवर हिरड्यांचं हे असंच राहणार. डॉक्टरांपुढे माझ्या तोंडून शब्द फुटत नाही, पण ऐकलेलं मी विसरत नाही.

ही आत गेल्यावर मी खुर्ची लेकीजवळ ओढली.

"बाळा, गोळी..."

तिने सुईत दोरा ओवला. "बंद केली."

"कधी?"

"झाले काही महिने. बाबा, फिट एकदाही आली नाही."

"अशी एकदम सोडायची नसते गं. दुसरी मागून घेऊ."

"दुसऱ्या घेऊन झाल्या की. एकीने अंगभर पुरळ आलं. आणि एक चालू होती तेव्हा हे झालं." तिने बाही वर सारली. कोपराखाली इस्त्रीच्या टोकाचा डाग. "विसरलात?"

विसरेन कसा? मशीनवरून उठली आणि तशीच तापलेल्या इस्त्रीवर कोसळली होती.

"परवा एका बाईने तान्हं मूल माझ्याकडे दिलं," ती म्हणाली. "झगा घालून बघेपर्यंत धरा म्हणाली. मी हसले, तर तेही हसलं, बाबा. रडलं नाही."

दुसरा बाप असता तर ओरडला असता, फरफटत दवाखान्यात घेऊन गेला असता. मी हात जोडले. तिने ते धरून खाली केले.

"जाऊ डॉक्टरांकडे. लगेच नको, थोडे दिवस राहू द्या ना असंच. आणि आईला सांगू नका, तिच्या गुळण्यांचा केवढा तोरा चाललाय."

दुसऱ्या दिवशी तिच्या मागोमाग मी दुकानात गेलो. दुकान चालवणाऱ्या मास्तरांना म्हटलं, घरी करमत नाही, बटणं लावून देईन.

"येतात का लावायला?"

"येतात," मी म्हणालो. येत नव्हती. पहिलंच बटण शर्टाच्या दोन्ही बाजू एकत्र घेऊन शिवलं. मास्तर पोट धरून हसले आणि म्हणाले, "आजोबा, तुम्ही आपलं वाचत बसा."

मी स्टूल उचललं आणि लेकीचं मशीन आणि इस्त्रीचं टेबल यांच्या मधोमध ठेवलं. का ते ती समजली. मान खाली घालून शिवत राहिली.

तेव्हापासून रोज तिथेच बसतो. जाता-येता सगळ्यांच्या वाटेत येतो. मांडीवर पुस्तक असतं.

"आजोबा, सकाळपासून एकच पान!" मास्तर ओरडतात. "एवढं काय लिहिलंय त्यात?"

मशीनचा आवाज चालू असला की मला श्वास घेता येतो. थांबला की मी वळतो, हात आधीच पुढे झालेले असतात. माझ्या या हातांनी ती सावरली जाईल का, कोण जाणे. रोज घरी जाताना विचारतो, उद्या जाऊ या का? ती म्हणते, थोडे दिवस.

आता मशीन थांबलंय. ती वाकते, दोरा दातांत धरते, तोडते आणि माझ्याकडे बघून हसते. मी तिच्या हिरड्या निरखतो. कुठे सुजल्यात का, जराशा तरी, ते शोधतो.